उताराच्या जमिनीवर मेपलच्या रसासाठी बारीक ट्यूबिंगचा किट, तीन सीझन वापरून

आम्ही अमेरिकेत व्हर्मॉन्टला राहतो, घरामागच्या उतारावर शुगर मेपलची वीसेक झाडं आहेत, त्यांचा गोड रस आटवून सिरप करतो. आधी झाडागणिक बादली लावायचो, मार्चमधे गुडघाभर बर्फातून रोज वरखाली आणि भरलेली बादली हातात, कंबर जायची. मग 3/16 इंची ट्यूबिंगचा किट घेतला, म्हणजे सगळ्या झाडांचा रस एका लांब बारीक नळीतून (लाइन) थेट खालच्या टाकीत.

उतार असेल तर डोळे झाकून हाच घ्या, 5/16 वाली जाड नळी नको. जाड नळीत रस तळातून ओघळतो नि वर हवा राहते, बारीक नळी मात्र रसाने गच्च भरते आणि तो रस खाली उतरताना स्वतःच्या वजनाने वरून ओढ घेतो, पंप नाही, वीज नाही तरी व्हॅक्यूम मिळतो. उंचीत एक फूट उतार मिळाला की पाऱ्याच्या हिशोबात जवळजवळ 0.9 इंच व्हॅक्यूम, म्हणजे 30 फूट मिळाले की पंपाच्या तोडीचं काम. व्हर्मॉन्ट युनिव्हर्सिटीच्या टिम विल्मट यांनी ही पद्धत रुळवली, त्यांचे उपकारच आहेत आमच्यासारख्यांवर.

पण एक गोष्ट किटच्या कागदावर नव्हती आणि तीच सगळ्यात महत्त्वाची, झाडाला ओढ मिळते ती त्याच्या खालच्या उताराची. पहिल्या वर्षी टाकी शेवटच्या झाडाच्या बुंध्याशी ठेवली, वरची झाडं मस्त चालायची आणि खालची चार नुसती ठिबकत होती. दुसऱ्या वर्षी लाइन तशीच पुढे खाली ओढ्यापर्यंत नेली, मधे एकही झाड नाही तरी, आणि तीच चार झाडं चालायला लागली!

किटमधल्या टी (झाडाची नळी लाइनीला जोडणारे T आकाराचे जोड) मात्र सैल निघाल्या, दोन-तीन बदलाव्या लागल्या. सकाळी ऊन आलं की लाइनीत बुडबुडे बघत चढायचं, एखाद्या जागेच्या खाली बुडबुड्यांची सलग धाव दिसली की तिथेच हवा शिरतेय, बहुतेक वेळा खारीने कुरतडलेलं असतं. सीझन संपला की टॅप (झाडाच्या भोकात ठोकायची तोटी) काढून लाइन नीट धुवा, नाहीतर दुसऱ्या वर्षी टीच्या आत बुळबुळीत थर धरतो आणि रस अडतो. टॅप दरवर्षी नवेच.

40 लिटर रस आटवला की लिटरभर सिरप, गुऱ्हाळावर काकवी आटताना पाहिली असेल त्यांना कळेल किती रस लागतो, म्हणून थेंबन् थेंब खाली यायला हवा. पाचपैकी साडेचार, अर्धा त्या टींचा कापला.