पोलीस दादालोरा खिडकी : दाखल्यांपुरती चोख, त्यापुढे अपुरी

गडचिरोली जिल्ह्यातील पोलीस ठाणी, उपपोलीस ठाणी आणि पोलीस मदत केंद्रे यांतून चालणाऱ्या ‘पोलीस दादालोरा खिडकी’ (म्हणजे पोलीसदादाची खिडकी) या दाखल्यांची आणि सरकारी योजनांची कामे करून देणाऱ्या सेवेचे मोजमाप शहरातल्या सेतू केंद्रासारखे करता येत नाही, कारण या खिडकीमागे वाळूच्या पोत्यांचा मोर्चा असतो आणि पुढे उभ्या असलेल्या माणसाला आपण येथे आलेले कोणी पाहिले तर नाही ना, ही धास्ती वर्षानुवर्षे होती. हा उपक्रम नक्षलवादी बंडखोरीविरुद्धच्या लढाईचाच एक भाग आहे आणि पोलीसही ते लपवत नाहीत. तरीही ज्या माणसाला दाखला हवा आहे त्याच्या बाजूने पाहिले, तर ही एक सेवा आहे आणि ती सेवा म्हणूनच तपासायला हवी.

अंकित गोयल जिल्ह्याचे पोलीस अधीक्षक असताना सुरू झालेल्या या उपक्रमात आधार, पॅन आणि आयुष्मान कार्ड, जातीचा व उत्पन्नाचा दाखला, सरकारी योजनांचे अर्ज आणि तरुणांसाठी वाहन चालवण्यापासून कुक्कुटपालनापर्यंतची प्रशिक्षणे अशी बरीच कामे होतात. यांतले दाखले पोलीस देत नाहीत. जातीच्या दाखल्यावर सही उपविभागीय अधिकाऱ्याची आणि उत्पन्नाच्या दाखल्यावर तहसीलदाराची असते. खिडकी फक्त अर्ज भरते, कागद जोडते आणि पाठपुरावा करते. वाचायला हे किरकोळ वाटेल, पण पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ता बंद होतो, आणि आतल्या गावांतून तहसील गाठायचे म्हणजे दिवसाची मजुरी बुडवून, साहेब जागेवर नसतील तर पुन्हा तीच पायपीट करायची. त्यात अनुसूचित जमातीच्या दाखल्यासाठी 1950 पूर्वीचा पुरावा लागतो. आजोबांच्या नावाची कोतवाल बुकाची, म्हणजे गावच्या जुन्या जन्म-मृत्यू नोंदवहीची, नक्कल कोठे मिळते हे माहीत नसलेल्या घरातला मुलगा बारावी झाला तरी कागदाअभावी वसतिगृहाच्या आणि नोकरीच्या रांगेबाहेरच राहतो.

एटापल्ली तालुक्यातील एका मदत केंद्रात मी या कामाची रीत पाहिली. फाटकावरच्या वहीत नाव-गाव लिहून आत गेले की पत्र्याच्या पडवीत एक टेबल, लॅपटॉप आणि ठसे घेण्याचे यंत्र एवढाच संसार. तेंदूपत्ता आणि बांबू तोडण्यात आयुष्य गेलेल्या एका आजींच्या बोटांवरच्या रेषा यंत्राला दिसेनात, तेव्हा शिपायाने ओल्या फडक्याने त्यांची बोटे पुसली आणि त्यांच्याशी माडिया या इथल्या आदिवासी बोलीत गप्पा मारत पुन्हा ठसा घेतला. शाळेच्या दाखल्यावर एक नाव, आधारवर दुसरे आणि घरात तिसरेच, हा इकडचा नेहमीचा घोळ. तोही त्याने विचारपूस करून तिथल्या तिथे निस्तरला. तालुक्याच्या कार्यालयात हाच संवाद मराठीत झाला असता, म्हणजे झालाच नसता. या खिडकीचे खरे बळ लॅपटॉपमध्ये नसून त्या शिपायाच्या बोलीत आहे. 1990 मध्ये सी-60 हे पोलिसांचे नक्षलविरोधी पथक उभारताना स्थानिक तरुण भरती करण्याचे जे धोरण जंगलातल्या लढाईसाठी आखले गेले, त्याचा सर्वांत शहाणा उपयोग मला या टेबलावर दिसला.

मात्र याच फाटकातून शोधमोहिमेवरची पथकेही बाहेर पडतात, आणि गाव हे विसरत नाही. खबऱ्या ठरवून नक्षलवाद्यांनी या जिल्ह्यात शेकडो सामान्य माणसे मारली आहेत. पोलिसांच्या आवारात दिसणे हा त्या संशयाला पुरेसा आधार होता. दुसऱ्या बाजूलाही जखमा आहेत. एप्रिल 2018 मधील कसनासूर-बोरिया चकमकींत 40 जण मारले गेले. गट्टेपल्ली गावातल्या काही कुटुंबांनी आपली मुले नक्षलवादी नव्हती असे सांगितले आणि पोलिसांनी ते मान्य केले नाही. अशा घरातल्या माणसाने रेशनकार्डाच्या कामासाठी त्याच गणवेशापुढे उभे राहावे, ही अपेक्षा मोठी आहे. पोलीस मेळाव्यांत वाटलेल्या साड्या, भांडी आणि क्रिकेटच्या साहित्यापेक्षा वेळेवर आलेला दाखला अधिक विश्वास कमावतो, असे माझे मत आहे, कारण दाखला हा हक्क आहे आणि तो घेताना मान खाली घालावी लागत नाही.

खिडकीची मर्यादा लक्षात येते ती मोठ्या प्रश्नाशी गाठ पडल्यावर. सुरजागडच्या लोहखाणीच्या विस्ताराची जनसुनावणी ऑक्टोबर 2022 मध्ये झाली ती सुरजागडला नव्हे, एटापल्लीलाही नव्हे, तर शंभराहून अधिक किलोमीटर दूर गडचिरोलीच्या जिल्हा मुख्यालयात. खाणींना विरोध म्हणून मार्च 2023 पासून तोडगट्टा गावी धरणे धरून बसलेल्या लोकांचे आंदोलनस्थळ त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये पोलिसांनी हटवले. जवळच्या वांगेतुरीला नवे पोलीस मदत केंद्र उभे राहिले तेही त्याच महिन्यात. पॅनकार्ड गावाच्या वेशीपर्यंत येते आणि डोंगराविषयी बोलायचे झाले की गावालाच जिल्ह्याला जावे लागते, ही विसंगती खिडकीवरच्या शिपायाने निर्माण केलेली नाही, पण लोकांचे प्रश्न तोच ऐकतो आणि त्याच्याकडे उत्तर नसते. ग्रामसभेचा ठराव आणि सामूहिक वनहक्काचा दावा हे या भागातले सर्वांत महत्त्वाचे कागद आहेत. तेच या टेबलावर मार्गी लागणार नसतील, तर उरलेल्या कागदांनी जिंकलेला विश्वास कितपत टिकेल, याविषयी मी साशंक आहे.

ऑक्टोबर 2025 मध्ये वरिष्ठ नक्षलवादी नेता भूपतीने सुमारे 60 साथीदारांसह गडचिरोलीत शस्त्रे खाली ठेवली, तेव्हापासून या सेवेच्या पुढच्या रूपाचा विचार करण्यास कोणतीच सबब उरलेली नाही. आजच्या घडीला मी ती वापरण्याची शिफारस निःसंकोच करीन. या भागात तिच्याइतके तत्पर दुसरे सरकारी टेबल माझ्या पाहण्यात नाही. पण महसूल आणि आदिवासी विकास विभागांचे काम पोलिसांनी कायम करीत राहावे, हे मला पटत नाही. टेबल, लॅपटॉप आणि माडिया बोलणारा माणूस ग्रामपंचायतीच्या इमारतीत हलवावा आणि फाटकावरची वही मागेच राहू द्यावी. तोवर जाणाऱ्यांनी मूळ कागद हातचे सोडू नयेत, झेरॉक्स सोबत न्याव्यात आणि अर्ज भरून झाल्यावर त्याचा ऑनलाइन क्रमांक लिहून घ्यावा, कारण त्याच क्रमांकावर तहसील कार्यालयातही विचारणा करता येते.