बर्फ गुळगुळीत करायची बॅटरीवाली मशीन: सगळं बरं आहे, ते मागचं कापड सोडून

मशीन चांगली आहे, हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढं मी बराच वेळ एका फडक्याबद्दल बोलणार आहे.

आमची बर्फावरच्या स्केटिंगची रिंक नागपुरात, मॉलच्या आत, आकारानं लहान. देखभाल माझ्याकडे. मागच्या हिवाळ्यात गॅसवर चालणारी जुनी मशीन काढून ही इलेक्ट्रिक आणली. रचना तीच जुनी. ब्लेड वरचा पापुद्रा खरवडतं, स्क्रू तो चुरा टाकीत उचलतात, आणि मागं लोंबणाऱ्या कापडातून गरम पाणी पसरत जातं. फ्रँक झांबोनीनं १९४९ मध्ये कॅलिफोर्नियात पहिली मशीन चालवली तेव्हापासून बर्फ असाच होतो. इंजिन गेलं, बॅटरी आली, समोर टचस्क्रीन आली. कापड मात्र कापडच राहिलं, आणि आमचं ते ऐन मे महिन्यात फाटलं.

फाटलं कसं, तर मशीन बर्फावर दोन मिनिटं जरी थांबली तरी ओलं कापड खाली चिकटतं. पुढं गेलात की टरकन फाटतं. जुन्या मशीनमध्ये हाताशी एक दांडा होता, ओढला की कापड वर. इथं कापड उचलायचं बटण स्क्रीनच्या दुसऱ्या पानावर ठेवलंय! हातात जाड मोजे, स्क्रीनवर दव, आणि माणूस पान उलटून राहिला. हे ज्यानं ठरवलं त्यानं आयुष्यात कधी बर्फावर मशीन चालवली नसावी.

फाटक्या कापडातून पाणी धारेनं पडतं, त्याच्या रेघा गोठतात आणि पोरांच्या स्केट अडकतात. सुट्ट्यांची गर्दी, म्हणून लगेच सर्व्हिसला फोन लावला. उत्तर आलं, "साहेब, ते कन्झ्युमेबलमध्ये येतं, वॉरंटीत नाही." बरं, विकत द्या म्हटलं. भाव ऐकला तर त्यात आमच्याकडे एक कूलर येतो. वर माल बाहेरून येणार, वेळ लागणार, आणि बसवायला इंजिनिअर आला तर व्हिजिट चार्ज वेगळा. एक पट्टी आणि चार नट काढायला इंजिनिअर!

मग गेलो गांधीबागेतल्या कापडबाजारात. दुकानदार भाऊंनी विचारलं, कशासाठी पाहिजे? म्हटलं, बर्फाला इस्त्री करायला. त्यांनी चहा मागवला. आधी टर्किश टॉवेलचं कापड नेलं. पाणी छान पसरलं, पण त्याचे धागे बर्फात गोठून बसले. कॅनव्हास पाणी पीतच नाही, सगळं कडेनं वाहून जातं. शेवटी गाड्यांचे सीट कव्हर शिवणाऱ्या एका कारागिराकडून जाड सिंथेटिक फेल्ट दुहेरी शिवून घेतलं, कडेला रेक्झिनची पट्टी. खर्च कंपनीच्या भावाच्या पासंगालाही नाही. तेच आजही चालू आहे. (ब्लेडला धार लावायला छापखान्याच्या कटिंग मशीनची पाती घासणारा माणूस चालतो. लांब सरळ पातं त्याला नवीन नाही.)

बॅटरीबद्दल सगळे एकच विचारतात: नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हात, टिकते का? इन्व्हर्टरच्या बॅटरीत दर उन्हाळ्यात पाणी घालून कंटाळलेला माणूस मी, त्यामुळं लिथियमचे जास्त पैसे द्यायला तयार झालो. मशीन दिवसभर थंड हॉलमध्येच असते, तिला काही होत नाही. घोटाळा चार्जिंगच्या जागेचा. आमचा पॉइंट मागच्या शटरजवळ. तिथं मे महिन्याच्या दुपारी लावली तर चार्जिंगच थांबायचं, कारण आतल्या सेलचं तापमान ४५ अंशांच्या आसपास गेलं की अशा बॅटऱ्या स्वतःच चार्जिंग अडवतात. आता रात्री लावतो, सकाळी पूर्ण भरलेली असते.

आणि विकणारा सांगतो तसा इंधनाचा खर्च शून्य होत नाही. पाणी ६० अंशांच्या वरच तापवावं लागतं. गरम पाण्यात विरलेली हवा कमी असते आणि ते वरचा थर जरा वितळवून त्याला धरून बसतं. मालकांच्या आग्रहाखातर काटकसर म्हणून साधं पाणी घालून पाहिलं, तर बर्फ पांढुरका आणि ठिसूळ झाला. गिझरचं बिल आहे तिथंच आहे.

मे संपता संपता विचारलं असतं तर पाचपैकी दोन दिले असते. पण मग पावसाळा आला. बाहेरच्यांना वाटतं आमचा वैरी उन्हाळा. खरा वैरी जुलै. दमट हवा आत शिरली की बर्फावर धुकं धरतं, छताला पाणी सुटतं, थेंब पडून खाली गाठी गोठतात. गॅसवाल्या मशीनच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड आणि नायट्रोजन डायऑक्साइड असायचा, बंद हॉलमध्ये तो विषारीच. म्हणून प्रत्येक फेरीनंतर एक्झॉस्ट पंखे जोरात लावायचो, आणि धूर बाहेर जाताना तेच पंखे जुलैची ओली हवा आत ओढायचे. यंदा धूरच नाही. माणसांना लागेल तेवढी हवा खेळती ठेवली, बाकी पंखे बंद. धुकं निम्म्याहून कमी, ओलावा काढणाऱ्या यंत्रावरचा ताण उतरला, सकाळच्या बॅचच्या पोरांचे डोळे चुरचुरत नाहीत. हा फायदा कंपनीच्या माहितीपत्रकात कुठंच लिहिलेला नाही. आमच्या वीजबिलात मात्र तो दिसला.

आता वार्षिक देखभालीच्या कराराचा कागद आलाय. त्यात कापड बाहेर, ब्लेडची धार बाहेर, स्क्रीन "वापरणाऱ्याच्या चुकीमुळं बिघडल्यास" बाहेर. आत काय आहे ते दोनदा वाचून पाहिलं. सही केलेली नाही.

सध्या पाचपैकी साडेतीन. अर्धा कापला कापडाच्या भावाचा, एक त्या बटणाचा. घेणार असाल तर डेमो द्यायला आलेल्या माणसाला जाड मोजे द्या, आणि चालत्या मशीनवर कापड उचलून दाखव म्हणा.