फुफ्फुसातला 9 मिमीचा ठिपका: थांबायचं की तुकडा काढायचा?

पडल्यावर बरगडी मोडली का ते बघायला छातीचा सीटी केला, बरगडी ठणठणीत निघाली, पण रिपोर्टात 'उजव्या फुफ्फुसाच्या वरच्या भागात 9 मिमीचा नोड्यूल', म्हणजे छोटी गाठ, अशी ओळ आली. मग इंदुरात रामबागेपासून सुदामानगरापर्यंत फोन सुरू होतात. कुणी म्हणतं, 'काका, टीबीचा जुना डाग असेल, सोडा', तर कुणी आजच रात्री मुंबईला टाटात न्यायला निघतं. फिल्म दोघांनीही पाहिलेली नसते.

एकाच मापाचे दोन ठिपके शेजारीशेजारी ठेवून बघू. पहिल्याची कड गुळगुळीत आहे आणि बरोबर मधोमध कॅल्शियम जमलंय, किंवा सगळा ठिपकाच पांढराफटक आहे. हा जुन्या संसर्गाचा वण, याच्यामागे लागू नये. (हाडाचा किंवा आतड्याचा कॅन्सर आधी होऊन गेला असेल, तर मात्र ही सूट नाही.) आत चरबी दिसली, म्हणजे घनता उणे 40 ते उणे 120 हाऊन्सफील्ड (सीटीवर घनता मोजायचं एकक) भरली, तर बहुधा हॅमार्टोमा, म्हणजे साधी गाठ. पण हे पाहायला मिलिमीटर-दीड मिलिमीटरचे पातळ काप हवेत. जाड कापात चरबी आणि कॅल्शियम दोन्ही हुकतात.

दुसऱ्याच्या कडेतून बारीक रेषा चहूकडे फुटल्यात, शेजारचं आवरण आत ओढलं गेलंय, कॅल्शियम नाही किंवा एका कोपऱ्यात आहे. याच्याबाबतीत उशीर नको. तरी निकाल कडेवर लावू नका. दुसरीकडून पसरून आलेला कॅन्सर बऱ्याचदा छान गोल आणि गुळगुळीत असतो, आणि टीबीची गाठही कधीकधी काटेरी दिसते. वरच्या भागातली गाठ संशयाची, असं परदेशी तक्ते सांगतात. आपल्याकडे टीबीचाही मुक्काम तिथेच असतो, त्यामुळे त्या मुद्द्याला मी कमी वजन देतो.

सगळ्यात भरवशाची तपासणी बहुतेक वेळा घरच्या कपाटात असते: जुनी फिल्म. भरीव गाठ दोन वर्षं आहे तशीच असेल, तर ती जवळजवळ नक्की निरुपद्रवी. उलट 9 ची साधारण साडेअकरा मिमी झाली, तर दिसायला वाढ थोडी, पण आकारमान दुप्पट झालेलं असतं. भरीव कॅन्सरला दुप्पट व्हायला साधारण 100 ते 400 दिवस लागतात. दोन आठवड्यांत दुप्पट झालेली गाठ बहुधा संसर्गाची. धुरकट काचेसारख्या दिसणाऱ्या ठिपक्याला हा हिशेब लागू नाही. तो फार सावकाश वाढतो, म्हणून त्याच्यावर पाच वर्षं नजर ठेवतात.

जुनी फिल्म नसेल तर? फ्लायश्नर सोसायटी या छातीच्या स्कॅनमधल्या तज्ज्ञांच्या संस्थेची 2017 ची शिफारस 35 वर्षांवरच्या, कॅन्सर न झालेल्या आणि प्रतिकारशक्ती ठीक असलेल्या माणसांसाठी आहे. तिच्यानुसार 6 मिमीच्या आतली भरीव गाठ आणि धोका कमी, तर पुन्हा सीटीची गरज नाही. 6 ते 8 मिमीला सहा ते बारा महिन्यांनी सीटी. 8 च्या वर तीन महिन्यांनी सीटी, पेट स्कॅन (टोचलेलं किरणोत्सर्गी साखरेचं द्रव्य जिथे जास्त शोषलं जातं, ती जागा यात चमकते) किंवा तुकडा काढून तपासणं (बायोप्सी), यांतलं एक. आपली 9 मिमीची गाठ नेमकी इथे अडकते. चाळिशीतला, कधीच धूम्रपान न केलेला माणूस आणि गुळगुळीत कड असेल, तर मी तीन महिने थांबायला सांगेन. साठी उलटलेले, तीस वर्षं बिडी ओढलेले काका आणि काटेरी कड असेल, तर तुकडा.

पेट स्कॅनचा मोह आवरा. टीबीची गाठही त्यात कॅन्सरसारखीच चमकते, आणि 8 मिमीपेक्षा लहान कॅन्सर चमकत नाही असंही होतं. मोठी रक्कम मोजून संशय तिथलाच तिथे. तो खरा कामाचा कधी? कॅन्सर ठरल्यावर, कुठे पसरलाय ते बघायला.

'आधी टीबीच्या गोळ्या देऊन बघू' हा मार्ग मला अजिबात पटत नाही. थुंकीत किंवा तुकड्यात पुरावा नसताना सहा महिने गोळ्या घेतल्या आणि निघाला कॅन्सर, तर ऑपरेशनची वेळ टळून जाते.

सुईने तुकडा काढताना फुफ्फुसाभोवती हवा साठू शकते, म्हणून नंतर काही तास थांबवून एक्स-रे काढतात. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर आधीच सांगा. आणि डॉक्टरांना आठवण करा, की सगळे तुकडे फॉर्मेलिनमध्ये (तुकडा टिकवायच्या द्रवात) टाकू नका, एक सलाईनमध्ये ठेवा. फॉर्मेलिनमध्ये जंतू मरतात, मग टीबीचं कल्चर, म्हणजे जंतू वाढवून बघायची तपासणी, करता येत नाही, आणि तेवढ्यासाठी पुन्हा सुई टोचून घ्यावी लागते.