माणशी भाडं की सर्व्हरचं भाडं? कारखान्यासाठी क्लाउड ईआरपी घेताना

वाळूज, शेंद्रा, चिकलठाणा किंवा जालन्याच्या एमआयडीसीत ज्यांचा पन्नास-शंभर माणसांचा कारखाना आहे आणि टॅलीच्या पुढे काहीतरी, म्हणजे हिशोब, खरेदी, स्टोअर, डिस्पॅच एकत्र सांभाळणारं ईआरपी सॉफ्टवेअर, घ्यायचं घरात ठरलंय, त्यांच्यासाठी हे लिहितोय. क्लाउड म्हणजे काय, ई-इनव्हॉइस निघतं का, मोबाइलवर रिपोर्ट दिसतो का, हे सगळं सोडून देतो. आज जो कोणी बॅग घेऊन विकायला येतो त्याच्याकडे हे असतंच, आणि डेमोत तर सगळंच झकास चालतं.

खरी निवड दोन पद्धतींमध्ये आहे. पहिली म्हणजे तयार सॉफ्टवेअर लॉगिन मोजून दरमहा भाड्याने घेणं. ओरॅकलचं नेटसूट, मायक्रोसॉफ्टचं बिझनेस सेंट्रल ही त्यातली मोठी नावं. आम्ही घेतलेलं यांपैकी नव्हतं, पण नावाला फारसं महत्त्व नाही. हिशोबाची रीत थोड्याफार फरकाने सगळीकडे तीच. दुसरी पद्धत म्हणजे ईआरपीनेक्स्टसारखं मुक्त परवान्याचं, म्हणजे कोणालाही फुकट वापरता येणारं सॉफ्टवेअर भाड्याच्या सर्व्हरवर चढवणं. इथे भाडं सर्व्हरच्या आकाराचं, माणसं कितीही. आमचं प्रेसपार्टचं, म्हणजे पत्रा दाबून सुटे भाग बनवायचं काम, पावडर कोटिंग बाहेरून जॉबवर्कने. आधी पहिली पद्धत वापरली, आता दुसरीवर आहोत.

काही बाबतींत दोन्हींत फरकच नाही, त्यावर डोकं शिणवू नका. जेसीबीने रस्ता उकरताना फायबर तुटली की दोन्ही बंद. दुसरं कनेक्शन घ्यावंच लागतं. वेगही सारखाच. ॲमेझॉनचं मुंबईचं केंद्र 2016 पासून सुरू आहे, बाकीच्यांचीही देशात केंद्रं आहेत. तरी एक गोष्ट विक्रेत्याकडून लेखी घ्या: 2022 च्या दुरुस्तीनंतर कंपनीच्या हिशोबाच्या वह्यांचा बॅकअप रोजच्या रोज भारतातल्या सर्व्हरवर असावा लागतो.

पहिल्या पद्धतीची बाजू भक्कम आहे, हे आधी कबूल करतो. सॉफ्टवेअर चालू ठेवणं ही तुमची डोकेदुखी राहत नाही. 1 एप्रिल 2025 पासून दहा कोटींवर उलाढाल असलेल्यांना ई-इनव्हॉइस 30 दिवसांच्या आत पोर्टलवर चढवणं सक्तीचं झालं. असा नियम आला की सकाळी येऊन बघावं तर स्क्रीनवर बदल झालेला असतो, आपण कोणाला फोनसुद्धा केलेला नसतो. आयटीचा माणूस ठेवावा लागत नाही. आणि ठेवला तरी चांगला पोरगा आपल्याकडे टिकतो किती? वर्षभर शिकतो आणि पुण्याची गाडी पकडतो. त्यामुळे तयार सॉफ्टवेअर घेणाऱ्याला मी नावं ठेवणार नाही.

आमचं पारडं फिरलं ते एका कटकटीमुळे, आणि ती कटकट डेमोत कधीच दिसत नाही.

कारखान्यात संगणकासमोर दिवसभर बसणारी माणसं मोजकीच असतात. अकाउंट, खरेदी, डिस्पॅच, संपलं. बाकीचे सगळे दोन मिनिटांचे धनी. गेटवरचा वॉचमन गाडीचा नंबर आणि चलन नंबर टाकतो. स्टोअरवाला पत्र्याची कॉइल उतरवून घेतो, काट्याची पावती बघतो, हीट नंबर (पोलादाच्या बॅचचा क्रमांक) टाकून जीआरएन, म्हणजे माल मिळाल्याची नोंद, करतो. क्वालिटीचा पोरगा लॉट पास किंवा होल्ड करतो. माल कोटिंगला निघाला की सुपरवायझर जॉबवर्कचं चलन काढतो. शिफ्ट बदलली की ही सगळी माणसं बदलतात. यादी करायला बसा, ऑफिसातल्यांच्या तिप्पट-चौपट नावं निघतील, आणि त्यातल्या बहुतेकांचं रोजचं काम चहा निवायच्या आत उरकतं. भाडं मात्र सगळ्यांना सारखंच. लग्नात केटरर ताटं मोजतो तसं. नुसतं पाणी पिऊन गेलेल्याचंही ताट धरलेलं.

मग सगळीकडे जे होतं तेच आमच्याकडे होतं. स्टोअरला मिळून एक लॉगिन. पासवर्डची चिठ्ठी कीबोर्डच्या पाठीला सेलोटेपने चिकटवलेली, कोपरे काळे पडलेले. सॉफ्टवेअर कंपनीने सुरक्षिततेसाठी ओटीपी लावला, तर तो ज्याच्या नावाने लॉगिन त्याच्याच मोबाइलवर जाणार. रात्री गाडी गेटवर उभी, ड्रायव्हर हॉर्न मारतोय, आणि रात्रपाळीचा माणूस रांजणगावात गाढ झोपलेल्या स्टोअरकीपरला फोन लावतोय, "भाऊ, ओटीपी आला असंल बघा, तेवढा सांगा." झोपेत सहा आकडे उलटसुलट सांगितले जातात, तोवर वेळ संपते, पुन्हा नवा ओटीपी.

हे एकवेळ खपलं असतं. ऑडिटमध्ये मात्र ते अंगावर आलं. 1 एप्रिल 2023 पासून कंपन्यांना हिशोबाच्या सॉफ्टवेअरमध्ये ऑडिट ट्रेल चालू ठेवावा लागतो: कुठली नोंद कधी बदलली आणि काय बदललं, याची पुसता न येणारी खूण. ऑडिटरला त्यावर अहवालात लिहावंच लागतं. आमच्या ऑडिटरांनी लॉग उघडला आणि मार्चमधल्या एका स्टॉक ॲडजस्टमेंटवर बोट ठेवलं. कॉइलचं वजन खाली आणलेलं. नाव स्टोअरकीपरचं, तारीख नाथषष्ठीची. तो गडी त्या दिवशी पैठणला, दिंडीत. रजेचा अर्ज फाइलला लावलेला. ऑडिटर चष्म्यावरून बघत म्हणाले, "मग हे केलं कुणी?" आम्ही एकमेकांच्या तोंडाकडे बघतोय. चोरीबिरी काही नव्हती, काट्याची पावती काढून पाहिली तर दुरुस्ती बरोबरच होती. पण ती कुणाच्या हाताने झाली हे शेवटपर्यंत सांगता आलं नाही.

कायदा म्हणतो, प्रत्येक बदलाची खूण ठेवा. दरपत्रक म्हणतं, माणसं कमी दाखवा. दोघांचंही ऐकलं की खूण राहते, पण भलत्याच्या नावावर. विक्रेत्याला विचारलं तर त्यांच्याकडे कमी पैशाचं लॉगिन होतं. त्यात नोंदी फक्त बघता येत होत्या, करता येत नव्हत्या. सगळ्यांना पूर्ण लॉगिन घेतलं असतं तर बिल असं फुगत होतं की मालकांनी कोटेशन घडी घालून खिशात ठेवलं आणि विषय बदलला. काही कंपन्या एकाच वेळी किती जण आत आहेत त्यावर पैसे लावतात, नावांवर नाही. तसं मिळत असेल तर माझ्या तक्रारीतली निम्मी हवा निघून जाते, हेही सांगायला हवं.

ईआरपीनेक्स्ट बनवणारी फ्रॅपे ही मुंबईची कंपनी. ऋषभ मेहता यांच्या घरचा फर्निचर बनवण्याचा धंदा, त्यातून हे सॉफ्टवेअर सुरू झालं. ते वापरताना जाणवतं. जॉबवर्कला दिलेला माल, लॉट, क्वालिटी इन्स्पेक्शन या गोष्टी वरून चिकटवल्यासारख्या वाटत नाहीत. झिरोधासारखी मोठी शेअर ब्रोकर कंपनीही ते वापरते. माणशी परवाना शुल्क नाही. सर्व्हर फ्रॅपेच्याच क्लाउडवर घ्या नाहीतर दुसऱ्या कुणाकडे. आता आमच्या वॉचमनलाही स्वतःचं लॉगिन आहे, आणि रोल लावून दिल्यामुळे त्याला गेट एंट्रीचं पान सोडून दुसरं काही दिसत नाही. ज्याचा त्याचा ओटीपी ज्याच्या त्याच्या खिशात. जीआरएन तुंबण्याचं प्रमाण कमी झालंय असं मला वाटतं. आकडेवारी मागाल तर माझ्याकडे नाही, पण संध्याकाळी स्टोअरमधून येणारे फोन कमी झालेत एवढं नक्की. आपलं नाव लागणार म्हटल्यावर माणूस वजन दोनदा बघतो.

आता याची दुखणी. सॉफ्टवेअर फुकट आहे, बसवून देणारा फुकट नाही. संभाजीनगरात हे काम नीट जाणणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, त्यामुळे पुण्या-मुंबईच्या पार्टनरवर, म्हणजे हे बसवून देणाऱ्या कंपनीवर, भिस्त ठेवावी लागते आणि त्याच्या दृष्टीने आपण लहान गिऱ्हाईक असतो. जीएसटीसाठी इंडिया कंप्लायन्स हे ॲप वेगळं टाकावं लागतं, ई-इनव्हॉइससाठी त्याचे क्रेडिट विकत घ्यावे लागतात. मालकांच्या हौसेखातर चार ठिकाणी कस्टमायझेशन केलं की पुढच्या मोठ्या व्हर्जनला त्यातलं काहीतरी मोडतं, हे धरूनच चाला. आणि अकाउंटंटची बोटं टॅलीला सरावलेली असतात. पहिल्या महिन्यात तो तुम्हाला रोज एकदा तरी ऐकवणार, की टॅलीत हे दोन बटनांत व्हायचं. तो खोटं बोलत नसतो.

बाहेरच्या बाजारातली हवाही एकदा बघा, कारण तीन वर्षांच्या करारावर सही करताना ती उपयोगी पडते. सेल्सफोर्स ही 1999 साली सुरू झालेली, विक्री आणि गिऱ्हाइकं सांभाळायचं क्लाउड सॉफ्टवेअर देणारी कंपनी डोकी मोजूनच मोठी झाली. 2024 मध्ये तिनेच एजंटफोर्स हे गिऱ्हाइकांशी बोलणारं एआय आणलं, तेव्हा दर लावला तो प्रत्येक संवादाला दोन डॉलर. एआयने माणसांचं काम केलं तर मोजायला माणसंच उरणार नाहीत, हे विकणाऱ्यांना आपल्या आधी कळलंय. माणशी दर मात्र खाली आलेले नाहीत. याच कंपनीने 2025 च्या ऑगस्टमध्ये काही योजनांचे दर सरासरी 6 टक्क्यांनी वाढवले. म्हणजे मीटर बदलतोय, पण जुना मीटरही पळतोच आहे. अशा वेळी लांबचा करार सवलतीच्या मोहाने करू नये असं माझं मत.

दुसरी बातमी नायरा एनर्जीची. 2025 च्या जुलैमध्ये युरोपीय संघाच्या निर्बंधांनंतर मायक्रोसॉफ्टने या भारतीय तेल कंपनीच्या सेवा थांबवल्या. कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली आणि थोड्याच दिवसांत सेवा पूर्ववत झाल्या. आपल्या प्रेसशॉपवर ब्रसेल्समधून कोणी निर्बंध लावणार नाही, उगाच घाबरायचं कारण नाही. आपल्याकडचं संकट साधं असतं: रिन्यूअलचा मेल नोकरी सोडून गेलेल्या माणसाच्या पत्त्यावर जातो आणि महिनाअखेरीला स्क्रीन कुलूपबंद. मुक्त सॉफ्टवेअरमध्येही सर्व्हर दुसऱ्याचाच, भाडं चुकलं तर तोही बंद होतो. पण आदल्या रात्रीचा बॅकअप हातात असेल तर तेच सॉफ्टवेअर दुसरीकडे उभं करता येतं. माणशी भाड्याच्या सॉफ्टवेअरमधून बाहेर पडताना एक्सेलच्या फाइली मिळतात. त्या उघडायला सॉफ्टवेअर मिळत नाही.

गाड्यांच्या कंपन्यांना भाग पुरवणाऱ्या व्हेंडरांनी एक तारीख मात्र डोक्यात ठेवावी. सॅपच्या जुन्या बिझनेस सूट या ईआरपीची नेहमीची देखभाल 2027 अखेर संपतेय. ज्या मोठ्या गिऱ्हाइकांकडे ते आहे त्यांची पोर्टलं, शेड्यूलचे आणि लेबलचे फॉरमॅट या काळात बदलू शकतात. तेव्हा आपलं चलन पटकन बदलून देणारा माणूस हाताशी लागेल, पद्धत कुठलीही असो.

जालन्याच्या मोंढ्यात बियाण्यांची एजन्सी असलेल्या मावसभावाने विचारलं तेव्हा मी त्याला पहिलीच पद्धत सांगितली. टेबलं तीन, माणसं तीन, गोडाऊनची नोंदही तोच करतो. त्याला सर्व्हर, पार्टनर, व्हर्जन या भानगडीत पाडणं म्हणजे छळच झाला असता. तो खुश आहे. तुमच्याकडे मात्र शिफ्ट असतील, गेट असेल, जॉबवर्क असेल तर कोटेशन बघायच्या आधी एक दिवस स्टोअरच्या खिडकीपाशी बसून किती हात संगणकाला लागतात ते मोजा. तो आकडा टेबलांच्या दुपटीच्या वर गेला, तर मी दुसऱ्या पद्धतीकडेच झुकेन.

तिकडे गेलात तर पार्टनरला एवढंच सांगा: कालचा बॅकअप घ्या आणि आमच्यासमोर कोऱ्या सर्व्हरवर उभा करून दाखवा. तो दाखवेपर्यंत शेवटचं बिल अडवून ठेवायला काही हरकत नाही.