कोकणचा सडा आणि थरची वाळू: मान्सून एक, करणी दोन

मे महिन्यात रत्नागिरीचा सडा, म्हणजे उघडं कातळपठार, पाहून पाहुणे हमखास म्हणतात, "हे तर वाळवंटच!" दिसायला खरंच तसं, पण घडण उलटी. उष्ण, दमट हवेत लाखो वर्षं पाणी मुरत राहिलं, खडकातली सिलिका वाहून गेली, लोह आणि ॲल्युमिनियम उरून जांभा हा तांबडा दगड झाला. सडा उजाड आहे तो पावसाच्या अतिरेकाने.

राजस्थानातल्या थरच्या वाळवंटाचं प्रकरण जास्त मजेशीर. सुमारे 20 हजार वर्षांपूर्वी, ऐन हिमयुगात, तिथे कोरड होती, वाळूही होती. तरी टेकड्या फारशा रचल्या गेल्या नाहीत. ती वाळू हलवतो नैर्ऋत्य मान्सूनचा वारा, आणि तेव्हा मान्सूनच मलूल होता. पुढे तो सावरला तेव्हा वाऱ्याने आधी जोर धरला, वाळू धरून ठेवणारा झाडोरा मागाहून आला. टेकड्या वाढल्या त्या या मधल्या काळात.

जुनं हवामान वाचायला मी थरच निवडेन. वाळूच्या कणाला शेवटचं ऊन कधी लागलं, हे प्रयोगशाळेत काढता येतं. जांभ्याचं वय ठरवणं कटकटीचं. बदललेल्या काळाची एक खूण मात्र सड्यावरही आहे: तिथल्या कातळशिल्पांत गेंडा कोरलेला आहे, आणि आज कोकणात गेंडा नाही!