फुकटच्या जंगलासाठी मोजलेले 209 डॉलर

गेल्या जुलैत आई-बाबा पुण्याहून आमच्याकडे सिएटलला आले होते. तेव्हा कॅस्केड पर्वतातल्या राष्ट्रीय वनात दोन रात्री तंबू ठोकण्यासाठी मी 209 डॉलर भरले, आणि त्या जागी राहायला एक सेंटही लागत नाही हे मला परत निघण्याच्या सकाळी कळले. बारा वर्षे या देशात काढल्यावर हे लिहिताना लाज वाटते, पण ओळखीतली आणखी दोन कुटुंबे याच सापळ्यात अडकल्याचे कळल्यावर गप्प बसवेना.

सरकारी आरक्षणाच्या संकेतस्थळावर सगळी कॅम्पग्राउंड्स भरलेली होती. कॅम्पग्राउंडबाहेर, वनरस्त्याच्या कडेला मोकळ्या जागी तंबू लावता येतो, ज्याला इथे डिस्पर्स्ड कॅम्पिंग म्हणतात, हे मी ऐकून होतो. त्याच्या परवान्याचा शोध घेतला तेव्हा पहिलेच जे पान आले ती जाहिरात होती. पाइनच्या झाडाचे बोधचिन्ह, तपकिरी फलकांची छायाचित्रे, आणि पत्त्याच्या शेवटी ‘डॉट गव्ह’ऐवजी ‘डॉट ओआरजी’. दरवर्षी कर भरताना पत्त्याची अक्षरे तपासणारा मी, इथे मात्र ती तपासली नाहीत.

पावती अजून जपून ठेवली आहे. दोन रात्रींचा परवाना 76 डॉलर, पाच जणांचे वनप्रवेश शुल्क माणशी 12 प्रमाणे 60, वाहनतळ 25, आई-बाबांचे ज्येष्ठ नागरिक पास 40, प्रक्रिया शुल्क 8. यातली एकही ओळ खरी नाही. राष्ट्रीय वनात नुसते शिरण्याचे, नुसती गाडी उभी करण्याचे किंवा कोणतीही सोय नसलेल्या जागी तंबू लावण्याचे शुल्क घ्यायला 2004 च्या केंद्रीय कायद्यानेच मनाई केली आहे. शुल्क लागते ते सोयींचे, म्हणजे बांधलेले शौचालय, कचरापेटी, बाके, माहितीफलक अशा गोष्टी जिथे असतात तिथे. आमच्या जागेवर यातले काहीही नव्हते, कचरासुद्धा आम्ही पिशवीत भरून घरी आणला.

तुम्ही म्हणाल, एवढेही माहीत नव्हते? नव्हते. आपल्याकडे अभयारण्यात शिरताना नाक्यावर पावती फाडावी लागते, ती सवय अंगात मुरलेली. शिवाय शेजारच्या माउंट रेनियरला मोटारीमागे 30 डॉलर घेतात. तो राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे आणि राष्ट्रीय वन हे वेगळ्याच खात्याचे प्रकरण आहे, हा फरक मी कधी लक्षात घेतला नव्हता. एन्चँटमेंट्समध्ये, म्हणजे याच कॅस्केडमधल्या तळ्यांच्या प्रसिद्ध भागात, मे ते ऑक्टोबरात रात्री राहण्याच्या परवान्यांची सोडत निघते, तेव्हा परवाना सगळीकडेच लागत असणार, असे मी धरून चाललो.

मात्र एका क्षणाला माझ्याकडे कोणतीही सबब नाही. खरा ज्येष्ठ पास बासष्ट वर्षे पूर्ण झालेल्या, तेही अमेरिकेच्या नागरिकांना किंवा ग्रीन कार्डधारकांनाच मिळतो. हे मी आठवड्यापूर्वीच सरकारी पानावर वाचले होते आणि ‘बाबा, तुम्हाला ती सवलत नाही’ असे जेवताना सांगितलेही होते. या संकेतस्थळाने फक्त जन्मतारीख विचारली आणि पास दिला. तिथेच थांबायला हवे होते. त्याऐवजी मी आनंदाने म्हणालो, “बघा बाबा, मिळाली की!” बाबांनी नंतर या वाक्याचा उल्लेख एकदाही केला नाही, त्यामुळे ते जास्तच बोचते.

परतीच्या सकाळी वनरक्षकाची गाडी आली. त्याने आमचा छापील परवाना उलटसुलट पाहिला आणि इथे पैसे लागतच नाहीत, असे शांतपणे सांगितले. त्याच दुपारी धबधब्याच्या वाटेवर, जिथे शुल्क खरोखरच लागते तिथे, हा वाहनतळाचा कागद कुचकामी ठरला आणि काचेवर 5 डॉलरची नोटीस लागली.

त्यानंतरची वणवण वेगळीच. वनकार्यालय म्हणाले, पैसे आम्ही घेतले नाहीत, आमचा संबंध नाही. त्यांच्याच नावाने त्यांच्याच जमिनीचे खोटे परवाने विकले जात आहेत, यात संबंध नाही तर कशात आहे? पोलिसांनी रक्कम ऐकून मला संकेतस्थळावरचा अर्ज दाखवला, त्या अर्जाने क्रमांक दिला, आणि त्या क्रमांकाचे पुढे काय होते हे सांगणारा माणूस कुठेच नाही. बँकेने तर कहर केला. चाळीस दिवस कागद मागवून शेवटी कळवले की ग्राहकाला ठरलेल्या ठिकाणी ठरलेल्या तारखांना कॅम्पिंग करता आले, म्हणजे सेवा मिळाली, सबब रक्कम परत करता येत नाही! जी वस्तू विकणाऱ्याची नव्हतीच आणि जी सर्वांना फुकट आहे, ती मला ‘मिळाली’, हा तर्क मी तीन पत्रांतून खोडला. उत्तर शब्दशः तेच आले.

शंका आली तर आधी त्या विभागाच्या वनकार्यालयात फोन करा; परवाना लागतो का, एवढे तरी ते नक्की सांगतात. नऊ वर्षांच्या मुलीचे प्रवेश शुल्क कोणी मागितले, तर तिथेच पान बंद करा; शुल्क असलेल्या सरकारी उद्यानांतही ते सोळा वर्षांखालच्यांना लागत नाही. आणि पैसे क्रेडिट कार्डानेच भरा, मी डेबिट कार्ड वापरले होते.

काल पुन्हा पाहिले. ते संकेतस्थळ चालू आहे, जाहिरात अजून पहिलीच आहे, आणि वनप्रवेश शुल्क आता माणशी 14 डॉलर झाले आहे.