हळू नेटवर टोपोशीट: आठ महिन्यांच्या वापरानंतर

नेट रडतखडत चालत असेल तर भारतीय सर्वेक्षण विभागाच्या पोर्टलवरचा नकाशा सरकवत टोपोशीट (डोंगर, ओढे, उंची दाखवणारा सरकारी नकाशा) शोधू नका. तो नकाशा २५६ पिक्सेलच्या चौकोनी तुकड्यांनी येतो आणि झूम एक पायरी वाढला की तेवढ्याच भागाला चौपट तुकडे लागतात. २५६ केबीपीएसचं नेट म्हणजे सेकंदाला जेमतेम ३२ केबी. शीटचा नंबर आधी कागदावर काढा, मग लॉगिन करा.

भारतीय सर्वेक्षण विभागाची १:५०,००० ची शीट अक्षांश-रेखांशाच्या १५ बाय १५ मिनिटांची असते. आपल्याकडे साधारण २८ बाय २६ किलोमीटर. एका अंशाच्या चौकोनात १६ शीट. आकडे वरून खाली उतरतात: पश्चिमेचा पहिला रकाना १ ते ४, पुढचा ५ ते ८. छत्रपती संभाजीनगर जुन्या पद्धतीने ४७एम/५, नव्या ओपन सिरीजमध्ये ई४३एम५. यावरून जुन्या अक्षरापुढे नुसतं ई४३ लावलं की झालं असं वाटतं, पण नांदेडची ५६ई/८ नव्यात ई४३यू८ होते. खरी फसगत २० अंश अक्षांशाच्या रेषेवर: तिच्या उत्तरेला ‘ई’चं ‘एफ’ होतं. देवगिरीचा किल्ला ई४३एम१ मध्ये, वेरूळ मात्र एफ४३पी४ मध्ये. शहर, किल्ला आणि लेणी एकाच दिवसात पाहून होतात, पण शीट लागतात तीन.

शीटच्या १० एमबीच्या पीडीएफ फाइलला या स्पीडवर साडेपाच मिनिटं लागतात, तीही लिंक तुटली नाही तर. तुटलं तिथून पुढे उतरवणारा (रिझ्यूम करणारा) डाउनलोड मॅनेजर हवाच. पण लॉगिनमागची लिंक थोड्या वेळाने मरते, मग रिझ्यूमही पुन्हा शून्यापासून. म्हणून एका वेळी एकच फाइल, तीही पहाटे. अर्धवट पीडीएफ उघडत नाही किंवा कोरी दिसते. जुन्या फोनवर पूर्ण पीडीएफही अडखळते; कॉम्प्युटरवर २०० डीपीआयचं चित्र करून फोनमध्ये टाका.

उंचीसाठी एसआरटीएमची (अंतराळातून रडारने मोजलेल्या उंचीची) एक अंशाची, एक आर्क-सेकंद प्रतीची एचजीटी फाइल जास्त परवडते. एकाच फाइलीत १६ शीटचा मुलूख येतो. अनझिप केल्यावर ती बरोबर २,५९,३४,४०२ बाइट भरली पाहिजे. एक बाइट कमी असला तरी पुन्हा उतरवा. पुढे क्यूजीआयएस या नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये कंटूर (समान उंचीच्या रेषा) नेटशिवाय निघतात.

मात्र शेततळं किंवा बांधबंदिस्ती यावर आखू नका. टोपोशीटचे कंटूर २० मीटरचे; अजिंठ्याच्या डोंगरात ते दाट दिसतात, पण गोदावरीकाठच्या गंगाथडीच्या सपाट रानात दोन रेषांमध्ये अख्खं शिवार मावतं. एसआरटीएमची उंचीही काही मीटरने हुकते. ओढ्याचं पाणलोट क्षेत्र ओळखायला दोन्ही उत्तम. लेव्हल घ्यायला डंपी (उंची मोजायचं दुर्बिणीचं यंत्र) लागेलच.

टेक्सास विद्यापीठाच्या संग्रहातली १:२,५०,००० ची जुनी शीट लॉगिनशिवाय मिळते. ती जायकवाडी धरणाच्या आधीची: नाथसागर जलाशय नाही, पैठणच्या वरची गोदावरी अजून आपल्या पात्रातच.